चिठ्ठीत हरलो त्याची गोष्ट

माझं लग्न एका चिठ्ठीपायी मोडत होतं, आणि त्या चिठ्ठीची चाल एकोणीसशे वर्षं जुनी होती. हसायचं असेल तर हसा. आम्हीही हसलो, पण नंतर.

बाई गेली त्याला आता आठ महिने झाले. बाई म्हणजे माझी बायको. लग्नाआधी ती शाळेत शिकवायची, सगळे तिला बाई म्हणायचे, मीही म्हणायचो. लग्न झालं म्हणून तोंडाचं वळण कोण बदलणार? शेवटचे दोन-तीन महिने ती मला ओळखत नव्हती. "तुम्ही कोण?" म्हणायची. मी म्हणायचो, "खलाशी." "बसा," म्हणायची. मग मी बसायचो. दिवसातून चार वेळा ओळख, चार वेळा बसा.

ही गोष्ट तिची. पाव्हणे आले, नातवंडं जमली की ती सांगायची. झकास सांगायची, पण एक गोष्ट खोटी सांगायची. तिच्या सांगण्यात शेवटी मी रडलेलो असायचो. मी रडलो नव्हतो. आता ती नाही, तेव्हा खरं काय ते मीच लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातली दोन वर्षं गुरांमागं गेली. सून म्हणते, "बाबा, तुम्ही लिहा, मी शुद्ध करते." म्हटलं, नको गं, शुद्ध केलंस तर ते तुझं होईल.

तर पन्नास सालानंतरची ही गोष्ट. दारूबंदी लागलेली. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. ठाकुर्ली म्हणजे तेव्हा रेल्वेचं पॉवर हाऊस, त्याची धुरांडी, रेल्वेच्या चाळी, आणि चाळी संपल्या की भातखाचरं. माझा बाप नगरकडून रेल्वेच्या कामाला आलेला. मी पॉवर हाऊसला बॉयलरवर खलाशी म्हणून लागलेलो. कोळसा ओढायचा, राख काढायची. घरी आलो की आई आधी हात लावून बघायची, हा आपलाच का म्हणून.

आम्ही ख्रिस्ती. प्रार्थनेला जमणाऱ्या माणसांना आम्ही मंडळी म्हणतो. आमच्या मंडळीला देऊळ नव्हतं. चाळीतल्या मास्तरांच्या दोन खोल्या, तेच देऊळ. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा कल्याणहून यायचे. बाकीचे रविवार मास्तर सांभाळायचे. मास्तर म्हणजे बाईचे वडील.

मास्तरांना एकच वेड होतं. पहिली मंडळी. प्रभू वर स्वर्गात गेल्यानंतर जी शंभर-सव्वाशे माणसं माडीवर जमली, त्यांच्यापासून ते शंभर वर्षं होईपर्यंत काय काय झालं, ते त्यांना घरातल्यासारखं ठाऊक. कोण कुणावर रागावला, कुणी कुणाकडं जेवायचं टाळलं, सगळं. आणि आमच्याकडं काहीही ठरवायचं असलं की त्यांचा एकच सवाल, "पहिल्या मंडळीत कसं होतं?"

कुणी म्हणालं बाकं आणू या. "पहिल्या मंडळीत बाकं होती का?" सगळे चटईवर. कुणी म्हणालं पेटी घेऊ, गाण्याला सूर लागेल. "पहिल्या मंडळीत पेटी होती का?" मास्तरांची थोरली बहीण त्यांच्याजवळच राहायची. विधवा, तोंडाची फटकळ, सगळ्या चाळीची आत्या. ती चुलीपाशी बसून ओरडली, "अरे, पहिल्या मंडळीत चष्मा होता का? काढ तुझा!"

पुढच्या महिन्यात पेटी आली.

आत्याला पहिल्या मंडळीतलं एकच पान आवडायचं. तेव्हाही रोज विधवांना जेवण वाटायचे, आणि काही विधवांनी कुरकुर केली की आम्हाला कमी मिळतं. त्यावरून वाटपासाठी सात जण निवडले. "बघा," आत्या म्हणायची, "आम्ही कुरकुरलो म्हणून तुमची मंडळी सुधारली. वाढ अजून भात."

बुधवारी संध्याकाळी मास्तर हा इतिहास शिकवायचे. भिंतीवर नकाशा. तो त्यांनी स्वतःच्या जुन्या धोतरावर शाईनं काढलेला. मधे समुद्र, भोवती गावं. खिडकीतून वारा आला की समुद्र हलायचा. मला वाचता धड येत नव्हतं, पण ऐकलेलं पक्कं बसायचं. फक्त ती गावं मी कधी बघितलेली नव्हती, म्हणून मी बघितलेली गावं त्यांच्या जागी ठेवली. यरुशलेम म्हणजे कल्याण, कारण किल्ला आहे, बाजार आहे आणि भांडणं आहेत. अंत्युखिया म्हणजे ठाणं. रोम म्हणजे मुंबई, त्यात काय विचारायचं.

एकदा मास्तरांनी मला उभं केलं. "तंबू शिवणारा तो माणूस. आधी मंडळीला छळायचा, मग स्वतःच मंडळीत आला. तो उजेड बघून खाली कुठं पडला?"

मी बोलून गेलो, "भिवंडीच्या रस्त्यावर."

असा हशा झाला की समुद्र भिंतीवरून निघून आला. मास्तर हसले नाहीत. पण दाराशी पाट्या पुसत बसलेली बाई इतकी हसली की तिच्या हातातली पाटी पडून फुटली. मग उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बरोबर आहे. मलाही तो तिथंच पडलेला दिसतो. त्या चिंचेपाशी."

झालं. त्या चिंचेपाशी मीही पडलो.

त्यानंतर ती मला वाचायला शिकवायची. चोरून नाही, मास्तरांच्या समोर, ओसरीवर. मी अक्षराला बोट लावायचो, बोटाचा कोळसा कागदावर उमटायचा. "खलाशीबुवा, पुस्तक वाचायचंय, सारवायचं नाही," म्हणायची. तिनंच मला तंबूच शिवणाऱ्या दुसऱ्या एका नवराबायकोचं दाखवलं. मोठा बोलका विद्वान त्यांच्या गावी आला, तर ह्या दोघांनी त्याला घरी नेऊन त्याचं चुकलेलं नीट समजावलं. "आणि बघा," बाई म्हणाली, "लिहिणाऱ्यानं बायकोचं नाव आधी घातलंय." मी म्हटलं, "शिवण तिची बरी असेल." तिनं पट्टी मारली.

असं वर्षभर चाललं. मग मी एके दिवशी मास्तरांपुढं जाऊन उभा राहिलो. मला आडून बोलता येत नाही. म्हटलं, "मास्तर, मला बाईंशी लग्न करायचंय."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "एवढं सरळ?"

"मग कसं विचारतात?"

"पहिल्या मंडळीत..." म्हणाले. मला वाटलं आता काहीतरी चांगलं निघणार. प्रभू वर गेला त्या दिवसाचा सण नुकताच, गुरुवारी झालेला. मास्तरांच्या डोक्यात तेच चालू होतं, आणि त्यातूनच माझं मरण निघालं.

काय झालेलं, तर बारा शिष्यांतला एक फितूर झाला आणि मेला. जागा रिकामी झाली. प्रभू वर गेला, पण देवाचा पवित्र आत्मा अजून शिष्यांवर उतरला नव्हता. त्या मधल्या दहा दिवसांत उरलेल्या अकरांनी ती जागा भरली. कशी? दोन चांगली माणसं उभी केली, प्रार्थना केली, चिठ्ठ्या टाकल्या. एकाचं नाव निघालं, तो बारावा झाला.

रविवारी प्रार्थना संपली तसे मास्तर उठले. "माझ्या मुलीच्या लग्नाचा विचार आहे. दोन नावं आहेत. दोन्ही चांगली. मी माणूस आहे, माझा कल चुकेल. पहिल्या मंडळीनं केलं तसं करू."

मला धक्का बसला तो दुसऱ्या नावाचा. रेल्वेच्या मालधक्क्यावरचा कारकून. मॅट्रिक. इस्त्रीची पँट, खिशाला पेन, हाताला घड्याळ. मनात म्हटलं, हा कधी येऊन विचारून गेला? मोठा आतल्या गाठीचा निघाला.

साखरेचा डबा रिकामा करून त्यात दोन चिठ्ठ्या. बाई आतल्या खोलीच्या दारात उभी. मास्तर म्हणाले, "अक्का, तू काढ." आत्या म्हणाली, "मी नाही. माझ्या हातानं नको ते निघालं तर जन्मभर माझंच नाव." मग मास्तरांनी स्वतःच डोळे मिटून हात घातला.

कारकुनाची निघाली.

"प्रभूची इच्छा," मास्तर म्हणाले. सगळे "आमेन" म्हणाले. मीही म्हणालो, सवयीनं. कारकून पांढरा पडलेला. मला वाटलं, आनंदानं पडतात काही जण.

त्या दिवसापासून चाळीतली सगळी त्याला बारावा म्हणायला लागली.

सोमवारी पाळी सुटली तसा मी शाळेच्या पडवीत गेलो. बाई मुलांच्या पाट्या धूत होती. धूत कसली, आपटत होती.

"एकानं तरी मला विचारलं?" ती म्हणाली. "डब्यात हात घालायच्या आधी? तुम्ही तरी विचारलं?"

"मी तुमच्या वडलांना..."

"लग्न वडलांशी करणार आहात?"

खरंच होतं ते. तिला मी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "बाई, करता का लग्न?"

"आता विचारताय? बारावा झाल्यावर?" आणि रागातच हसायला लागली. ती हसायला लागली की तिला थांबता यायचं नाही, शेवटी भिंत धरायची. मलाही हसू आलं. वाटोळं झालेलं आणि आम्ही दोघं पडवीत पाट्यांच्या पाण्यात उभे राहून हसतोय.

मग माझ्या डोक्यात एक मूर्ख प्रश्न आला. म्हटलं, "बाई, तो खरा बारावा. चिठ्ठीतला. त्याचं पुढं काय झालं?"

ती थांबली. "म्हणजे?"

"म्हणजे शिष्यांतला पुढारी, तो मासे धरणारा कोळी, पुढं काय बोलला ते आहे, तंबूवाला कुठं कुठं फिरला ते आहे. ह्यानं काय केलं?"

"बघते," म्हणाली.

गुरुवारी मी चाळीच्या नळावर हात-तोंड धूत होतो, तर ती बादली न घेताच आली. "काही नाही!" म्हणाली. "सगळं वाचलं. चिठ्ठी निघाली, बारांत धरला, आणि संपला. एक शब्द नाही पुढं."

"अरेरे," मी म्हटलं. कारकुनाचं वाईटच वाटलं जरा.

"आणि अजून ऐका. प्रभू मरणातून उठला तिथून पन्नासाव्या दिवशी आत्मा उतरला. त्यानंतर चिठ्ठ्याच नाहीत! एकदाही नाही. सात जण निवडायचे होते तेव्हा सगळ्या मंडळीला सांगितलं, तुमच्यातून तुम्ही बघून द्या. विचारून केलं सगळं. चिठ्ठी फक्त त्या मधल्या दहा दिवसांत. आत्मा यायच्या आधी."

मी नळ बंद करायचा विसरलो. "मग सांगा ना मास्तरांना."

"मी सांगितलं तर म्हणतील, पोरीचं मन गुंतलंय, अर्थ फिरवते. तुम्ही सांगा. रविवारी. पन्नासावा दिवस रविवारीच आहे."

"मी? चौथी?"

"तो कोळी कुठं पास होता?" बाई म्हणाली आणि गेली. नळ मागं वाहत राहिला, एका म्हातारीनं मला शिव्या दिल्या, मला एकही ऐकू आली नाही.

पन्नासाव्या दिवसाचा सण आमची मंडळी खडवलीला नदीकाठी करायची. मे महिन्यात नदी अंग चोरून असते, पण झाडं आहेत. तिथं प्रार्थना, सगळ्यांचं एकत्र जेवण, आणि त्या वर्षी मास्तरांनी एक छोटं नाटक बसवलेलं, पहिल्या पन्नासाव्या दिवसाचं. सगळे शिष्य एका जागी बसलेले, वाऱ्याचा आवाज होतो, आणि सगळे निरनिराळ्या भाषांत बोलायला लागतात. भाषा पॉवर हाऊसनं पुरवलेल्या. एक तेलुगू, एक गुजराती, एक तमिळ, कारकुनाची इंग्लिश. वाऱ्याला पत्रा. बघणाऱ्यांतला एक जण टर उडवतो की ही माणसं ढोसून आलीत. त्यावर कोळी शिष्य उभा राहतो आणि ठणकावतो की आम्ही प्यालेलो नाही, सकाळचे तर नऊ वाजलेत! मग त्याचं भाषण. तो कोळी मी. हे चिठ्ठीच्या आधीच ठरलेलं, म्हणून राहिलं. मास्तरांचा हट्ट असा की पहिल्या मंडळीत नऊ वाजलेले, तर आपणही बरोबर नऊला सुरू करायचं.

शनिवारी मला रात्रपाळी लागली. बाकीची मंडळी पहाटेच्या गाडीनं भांडीकुंडी घेऊन पुढं गेली. मी सुटून मागच्या गाडीनं गेलो. रात्रभर झोप नाही, बॉयलरच्या धगीनं डोळे लालभडक. खांद्यावर जाळं, कल्याणच्या खाडीवरून मागून आणलेलं. ते आदल्या दिवशीच वापरलेलं, ओलं, वासाचं. घसा बसू नये म्हणून आत्यानं दिलेल्या लवंगा तोंडात. खडवलीला उतरलो आणि नदीच्या पायवाटेनं मोठ्यानं पाठ म्हणत निघालो. एकटाच, म्हणून दोन्ही पार्ट मीच.

"ढोसून आलीत सगळी!" मी ओरडलो. मग दुसऱ्या आवाजात, "नाही! आम्ही प्यालेलो नाही! सकाळचे तर नऊ वाजलेत!"

झाडामागून हवालदार निघाला. नदीच्या अंगाला तेव्हा हातभट्ट्या लागायच्या, त्यांच्या पाळतीवर असणार.

"सगळी म्हणजे कोण कोण?" तो म्हणाला. "कुठं बसलीत?"

"नदीवर. माझी माणसं आहेत. पण ती ढोसलेली नाहीत हो, ते नाटकात."

"नाटक का? तुझे डोळे बघितलेस?"

"बॉयलरनं झालेत."

"फूक मार."

मी फुंकर मारली. त्यानं नाक वर केलं. "लवंग! वास मारायला लवंग चावून आलाय. मी पोरगा आहे का काल भरती झालेला?"

"घशासाठी आहे. मला भाषण आहे."

"सगळ्यांनाच असतं प्याल्यावर," तो म्हणाला आणि जाळ्याचं टोक धरलं. "चल. दाखव तुझी माणसं."

असा मी नदीवर पोचलो. पुढं मी, मागं जाळं धरलेला हवालदार. मंडळी नाटकाच्या वेषात बसलेली, चादरी गुंडाळून, डोक्याला पंचे बांधून. एकाच्या हातात पत्रा. चुलीवर भात. आम्हाला बघून सगळ्यांना वाटलं, मास्तरांनी नवीन प्रवेश घातला. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तर कागद हलवत धावत आले. "अटक आज नाही! अटक नंतर आहे! पहिल्या मंडळीत ह्याला नंतर धरलं!"

हवालदारानं डोळे बारीक केले. "म्हणजे ह्याला धरलेला आहे?"

"एकदा का? पुष्कळदा," मास्तर म्हणाले. त्यांना इतिहासात खोटं बोलता यायचं नाही. "तुरुंगात टाकलेला. साखळदंड घालून, दोन शिपायांच्या मधे. पळाला."

"पळाला?"

"देवदूतानं सोडवला."

हवालदारानं जाळं दोन्ही हातांनी धरलं. मी म्हटलं, "मास्तर, गप्प बसा. खरा आहे हा."

पत्रेवाल्यानं पत्रा पाठीमागं लपवला, तो वाजला. हवालदार म्हणाला, "ऐका. हा माणूस वाटेत झोकांड्या खात, ओरडत येत होता. तुमच्यातल्या एका शहाण्या माणसानं पुढं यावं आणि सांगावं, मी ह्याला ओळखतो, हा प्यालेला नाही. नाहीतर मी ह्याला घेऊन चाललो."

कुणी पुढं येईना. दोष नाही देत. गरीब माणसं, रेल्वेची नोकरी, पोलिसाच्या वहीत नाव कोण लावून घेणार? कारकून घड्याळाकडं बघायला लागला. मास्तरांनी तोंड उघडलं आणि आपण आत्ता काय काय बोलून बसलो ते आठवून मिटलं. आणि मला त्या कोळ्याचंच आठवलं. प्रभूला धरून नेलं त्या रात्री अंगणात शेकोटीपाशी एका मोलकरणीनं ह्याला विचारलं, तू त्याच्या माणसांतलाच ना? आणि हा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. तीनदा म्हणाला. माझ्या मनात आलं, आता हा माझ्यावर सूड आहे, त्याचा पार्ट घेतल्याचा.

तेवढ्यात चुलीपाशी डाव खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"मी ओळखते," बाई म्हणाली.

पदराला हात पुसत पुढं आली. "रोज ओळखते. पॉवर हाऊसला खलाशी आहेत. रात्रपाळी करून आलेत. पीत नाहीत. चहासुद्धा अर्धाच घेतात."

"तुमचे कोण हे?" हवालदारानं विचारलं.

बाईनं मास्तरांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग म्हणाली, "अजून कुणी नाहीत. चिठ्ठीत दुसऱ्याचं नाव आलंय."

"कसली चिठ्ठी?" हवालदार म्हणाला. "जुगार पण आहे का इथं?"

"जुगार नाही!" मास्तर कळवळून ओरडले. आणि मग त्या नदीकाठी, चादरी पांघरलेल्या माणसांच्या मधे, मास्तरांनी एका हवालदाराला एकोणीसशे वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. अकरा कसे उरले, दोन कसे उभे केले, एक कसा निघाला. चांगली सांगितली. हवालदार ऐकता ऐकता दगडावर बसला. जाळं सोडलं नाही.

"बरं," तो म्हणाला. "मग पुढं सगळं चिठ्ठ्यांवरच चालवलं का त्यांनी?"

मास्तर थांबले. बाई माझ्याकडं बघत होती, शाळेतल्या पोराकडं बघतात तशी, म्हण आता म्हणून. मी तोंडातली लवंग थुंकली.

"नाही साहेब," मी म्हटलं. "आजच्या दिवसापासून बंद. आत्मा उतरला तो आजचा दिवस. त्याच्या आधी चिठ्ठी, त्याच्यानंतर एकदाही नाही. त्याच्यानंतर माणसांना विचारून केलं. मास्तर, तुम्हीच शिकवलंत. सात जण निवडले तेव्हा डबा कुठं होता?"

मास्तरांनी चष्मा काढला. पुसायला धोतराचा सोगा धरला आणि तसाच धरून राहिले. ओठ हलत होते. पान पान मागं-पुढं करून बघत होते मनात. मी मरायला टेकलेलो. शेवटी म्हणाले, "पहिल्या मंडळीत..." आणि पुढं काही येईना.

"विचारून केलं ना?" आत्या चुलीपाशून म्हणाली. "मग विचार की! भात लागतोय खाली."

मास्तर आधी कारकुनाकडं वळले. न्यायाचा माणूस. "तुमचं म्हणणं काय?"

कारकुनानं खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. "मास्तर, रागावू नका," म्हणाला. "मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी त्या रविवारी प्रार्थनेला आलो, तर माझं लग्न ठरलं. माझ्या आईनं गावाकडं मुलगी बघून ठेवलीय. आठ दिवस तिला पत्र कसं लिहावं ह्यात माझी झोप गेलीय."

"मग नाव कुणी दिलं ह्याचं?" मी विचारलं.

मास्तर जमिनीकडं बघत म्हणाले, "मीच. पहिल्या मंडळीत दोन नावं होती. माझ्याकडं एकच आलेलं."

आधी आत्या हसली. मग पत्रेवाला, त्याच्या हसण्यानं पत्रा थडथडायला लागला, आणि तो आवाज अगदी मास्तरांना हवा होता तसा वाऱ्याचा निघाला. तेलुगू माणसाला कुणीतरी हिंदीत समजावलं, तो मागाहून एकटाच हसला. कारकून इतका हसला की त्याची इस्त्री मोडली. हवालदारानं हसायला म्हणून दोन्ही हात गुडघ्यांवर मारले, आणि मी सुटलो.

"आणि तू?" मास्तर बाईला म्हणाले. "तुझं काय?"

"मला विचारताय?"

"विचारतोय."

"मग आधी माझा साखरेचा डबा द्या. आठ दिवस झाले, तुम्ही तो फळीवर देवाचा म्हणून ठेवलाय आणि मी साखर पुडीतून काढतेय." एवढं म्हणून ती माझ्याकडं वळली. "आणि तुम्ही ते जाळं उतरवा. बसा. रात्रीपासून उपाशी आहात."

"आलं उत्तर," आत्या म्हणाली. "पानं मांडा."

मास्तर म्हणाले, "आधी नाटक." तर नाटक झालं. माणसं आपापल्या भाषांत ओरडली, पत्रा वाजला, कुणीतरी म्हणालं ही ढोसून आलीत. मी जाळं परत खांद्यावर घेतलं, उभा राहिलो आणि जीव काढून ओरडलो, "आम्ही प्यालेलो नाही! सकाळचे तर नऊ वाजलेत!"

पुढं दगडावर पानाचा द्रोण घेऊन बसलेला हवालदार म्हणाला, "साडेदहा."

मंडळी हसून अशी फुटली की भाषण राहूनच गेलं. त्या कोळ्याच्या भाषणानं म्हणे तीन हजार माणसं एका दिवसात मंडळीत आली. माझं झालंच नाही, आणि मला एकच माणूस हवं होतं.

पुढच्या महिन्यात पाळकांनी त्याच दोन खोल्यांत लग्न लावलं. त्या नदीकाठच्या मंडळीतला आता मी एकटा उरलोय. मास्तर शेवटच्या धड्याला सांगायचे, पहिल्या शंभर वर्षांच्या शेवटी एकच म्हातारा शिष्य उरलेला, त्याला उचलून सभेत आणायचे आणि तो रोज तेच तेच सांगायचा. तेव्हा मला त्या म्हाताऱ्याचं हसू यायचं.

राहिलं रडण्याचं. बाई सांगायची की ती "मी ओळखते" म्हणाली तेव्हा माझ्या तोंडावरून पाणी वाहत होतं, सगळ्यांनी बघितलं, हवालदारानंसुद्धा. पाणी होतं, मी नाही म्हणत नाही. पण जाळं ओलं होतं. खांद्यावर होतं, ते तोंडाला लागलेलं.